सोजराबाईच्या वावरातली सरकारी पाटी

मी पाटी बोलतेय. शाळेतली नव्हे आणि दुकानावरचीही नव्हे. मी सरकारी पाटी. लोखंडी पत्र्याची, एका पायाची, चाकणच्या पलीकडे एका वावरात उभी. आमच्या तोंडावर जो तो आपलं म्हणणं रंगवून जातो, आमचं म्हणणं मात्र आजवर कुणी विचारलं नाही. आज मी ते सांगणार आहे, आणि आडपडदा न ठेवता सांगणार आहे. ज्याला ऐकायचं नसेल त्याने खुशाल पुढे जावं. रस्त्यावर पाट्यांना तोटा नाही.

माझा जन्म भोसरीतला. तिथल्या एका शेडमध्ये कंपन्यांच्या कामाचे पत्रे कापले जायचे आणि जे तुकडे उरायचे त्यांच्या पाट्या व्हायच्या. म्हणजे मी उरलेल्यातली. त्याची मला लाज नाही. मी आणि माझी बहीण एकाच पत्र्यातून निघालो. वेल्डरने आमच्या कडेला पट्टी जोडली, पाठीला खांब लावला. वर तांबडा रंग बसला, त्यावर पांढरा. मग पेंटर आला, खडूने रेघा मारल्या आणि आमची नशिबं लिहून गेला.

बहीण दिघीला गेली, लष्कराच्या जागेत. तिच्यावर लिहिलं, ‘संरक्षण खात्याची जागा. प्रवेश निषिद्ध.’ पेंटर पुढे कधी माझ्याकडे आला की तिची खबर सांगायचा. तिच्या मागे तार आहे, तारेमागे पहारा आहे, गवत वेळच्या वेळी कापलेलं असतं. शेळीसुद्धा तिच्यापुढे येऊन थबकते. अंगावर लिहिलेलं आणि पायाखालचं एक असणं, पाटीला याहून मोठं भाग्य नाही. मला तिचा कधी हेवा वाटला नाही. अभिमानच वाटला.

माझं नशीब निराळं निघालं. मी एका सरकारी खात्याच्या वाट्याला आले. खात्याचं नाव मी सांगत नाही. नाव घेण्याइतकं मोठं काही त्यांच्या हातून झालं नाही. त्यांनी मला आंबेदरा गावाच्या वाटेवर उभं केलं आणि माझ्यावर लिहिलं, ‘औद्योगिक क्षेत्रासाठी अधिसूचित.’ अधिसूचित म्हणजे काय, तर मुलगी बघून गेले. होकार नाही, नकार नाही, पण आता दुसऱ्या कुणी तिच्याकडे बघायचं नाही.

काही वर्षांनी पेंटर परत आला आणि तोच शब्द पुसून लिहून गेला, ‘संपादित.’ म्हणजे साखरपुडा उरकला. मुलीला विचारलं होतं का, ते मला ठाऊक नाही.

एक मात्र कबूल करते. हे सरकारी शब्द मला आवडतात. हात नाही, पाय नाही, तरी एकेक शब्द डोंगर हलवतो. माझ्या तोंडावर ‘संपादित’ आलं आणि आंबेदऱ्याचा माळ बघता बघता निळ्या पत्र्याच्या शेडांनी भरला. कंपनीच्या बसगाड्या ये-जा करू लागल्या. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांनी खोल्या बांधल्या, खोल्यांमध्ये बीडचे, लातूरचे, परभणीचे भाडेकरू आले, चुली पेटल्या. मी कुणाला नावं ठेवत नाही. शब्दाने दिलं तेही मी पाहिलंय.

रस्त्यावर उभं राहिलं की माणसं कळतात. माझ्या वरच्या ओळी कुणी वाचायचं नाही, पण कोपऱ्यात ‘हेल्पर पाहिजे, राहणे जेवण मोफत’ एवढं चिकटवलं की गर्दी जमायची. गुटखा थुंकायला लोकांना सरकारी रंगच लागतो. एकदा तर गणपतीपासून दसऱ्यापर्यंत माझ्यावर एका युवा नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स बांधलेला होता. तेवढे दिवस ती सगळी जमीन त्या वाढदिवसाच्या ताब्यात होती म्हणायची.

या सगळ्या शेडांच्या मध्ये एकच तुकडा राहिला होता, डोंगराच्या अंगाला, चहूबाजूंनी काटेरी कुंपण घातलेला. ते सोजराबाईचं वावर.

सोजराबाई म्हणजे आंबेदऱ्यातल्या जुन्या घरातली बाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा कुलदीप गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत शिफ्टला जातो, सून मंजुषा घर सांभाळून वावरात राबते. आणि ही, नऊवारीचा कासोटा घट्ट, डोक्याला टॉवेल, पायात कुलदीपचे कंपनीतले जुने सेफ्टी बूट. ते बूट तिला मोठे होतात. तरी ती त्यात अशी चालते की वाटेतल्यांनी बाजूला व्हावं. सगळ्यांनी जमीन द्यायच्या कागदावर सह्या केल्या, हिने केली नाही. ‘का?’ म्हणून विचारायला आलेल्याला एकच सांगायची, “मला कांदा पिकवता येतो. मी अजून थकले न्हाई.”

मग तो दिवस आला. खात्याचे दादासाहेब म्हणून एक साहेब होते. त्यांनी मला वाटेवरून उपटलं, पेंटरकडून नवा मजकूर लिहून घेतला, ओल्या रंगाला धूळ लागू नये म्हणून तोंडावर वर्तमानपत्र गुंडाळलं आणि जीपमधून मला थेट सोजराबाईच्या वावरात आणलं. बरोबर दोन मजूर, एक कुदळ आणि काँक्रीटचं सामान. सोजराबाई कांद्याचं रोप उपटत होती. झापा, म्हणजे कुंपणातलं बाभळीच्या काट्यांचं फाटक, त्या दिवशी पाण्याच्या टँकरसाठी उघडाच होता.

ती कमरेवर हात ठेवून जवळ आली. “काय चाललंय रं बाबांनो?”

“पाटी लावायचीय मावशी,” दादासाहेब म्हणाले. “वरून हुकूम आहे.”

“लावा की. पर ह्याला खड्डा म्हंत्यात व्हय? ह्यात लसूण बी लागायचा न्हाई.”

“खाली मुरूम आहे आज्जी,” मजूर घाम पुसत म्हणाला, “कुदळ चालंना.”

“कशी चालंल? मुरमाला कुदळ घेऊन आलाय. थांबा.”

ती गेली आणि खांद्यावर पहार टाकून आली. मजुराच्या हातात दिली नाही. आधी स्वतः चार घाव घालून दाखवले, मग दिली. खड्डा झाला, मला आत उतरवलं. मी झुकले होते. सोजराबाईला ते बघवेना.

“डावीकडं कललाय. आजून. आता जास्ती झाला. सोड तू, मी धरते.”

तिने दोरीला दगड बांधला, ओळंब्यासारखा खांबाशी धरला, एक डोळा बारीक केला आणि काँक्रीट भरून होईपर्यंत मला दोन्ही हातांनी सरळ धरून उभी राहिली. भोसरीतल्या वेल्डरनंतर मला इतक्या नीट कुणी धरलं नव्हतं.

“मावशी, जरा इकडं बघा,” दादासाहेबांनी मोबाइल वर केला.

तिने डोक्यावरचा टॉवेल सारखा केला आणि बघितलं. फोटो निघाला. मग तिने सगळ्यांना गुळाचा खडा आणि पाणी दिलं. जीप गेली.

मी तिला अडवू शकले असते तर अडवलं असतं. पण खरं सांगू का, तिच्या घरातली बाई दुसरं काही करूच शकली नसती. दारी आलेल्याचं काम अडलं की आधी ते सोडवायचं. कोण आणि कशाला, हे नंतर. तिच्या मते पाटी लावणं हे सरकारचं काम होतं आणि वावर कसणं तिचं. दोन्ही सुखाने होऊ शकतात असं तिला वाटलं.

जीप गेल्यावर तिने माझ्या तोंडावरचं वर्तमानपत्र सोललं आणि मोठ्याने वाचलं. “ही जागा शासनाच्या प्रत्यक्ष ताब्यात आहे. अनधिकृत प्रवेश करू नये.”

“असं व्हय,” ती म्हणाली. गेली, गोठ्यातून वासरू आणलं आणि माझ्या खांबाला बांधलं.

प्रत्यक्ष ताबा. बघा किती भारदस्त शब्द आहे. मुलगी नांदायला आली, असा त्याचा अर्थ. आणि इथे मुलगी माहेरच्या अंगणातच होती, आणि तिची माय शेजारी बसून रोप निसत होती.

संध्याकाळी कुलदीप शिफ्टवरून आला, मला वाचून डोक्याला हात लावून बसला. “आई, ताबा गेला आपला. पाटी लागली.”

“पाटीला सरी वढता येती का?”

“कायद्यात तसं नसतं.”

“मग कायद्याला म्हणावं सकाळी ये. खुरपायला एक बाई कमी हाय.”

तेव्हापासून मी तिचा कारभार बघत आले. सरकारच्या प्रत्यक्ष ताब्यातल्या त्या जागेत सरकार कामासाठी पुन्हा फिरकलं नाही. पाणी तिने दिलं. तण तिने काढलं. शेजारच्या शेडमधून रात्रपाळीचे कामगार भिंतीवरून कचरा टाकायचे, तो गोळा करून तिने त्यांच्याच गेटवर नेऊन ठेवला आणि वॉचमनला म्हणाली, “तुमचं इसरलं हुतं.” पुन्हा कचरा पडला नाही. माझ्यावर कावळा बसून घाण करायचा, तर जाता-येता ओल्या फडक्याने माझं तोंडही तीच पुसायची. तिच्या वावरात काही अस्वच्छ असलेलं तिला खपायचं नाही, मग ते सरकारचं का असेना. मी मनात म्हणायचे, बाई, मी तुझ्याविरुद्धची साक्ष आहे आणि तूच माझी अक्षरं उजळत बसतेस.

साक्ष म्हणते ती उगीच नाही. एके दिवशी नोटीस आली. जमिनीचा ताबा शासनाने घेतलेला असल्यामुळे ती शासनाकडे निहित झाली आहे, खातेदाराने पीक काढून घ्यावं. निहित हा त्या सगळ्या शब्दांमधला शेवटचा. तो लागला की माघारी येणं नाही. सोजराबाईने हरकत घेतली. तालुक्याला सुनावणीला सासू-सून दोघी गेल्या आणि दुपारी परतून माझ्या पायाशी बसल्या. तिथे काय झालं ते मला त्यांच्या बोलण्यातून कळलं.

सरकारच्या वकिलाने फोटो दाखवला होता. सोजराबाई दोन्ही हातांनी मला धरून उभी आहे आणि कॅमेऱ्याकडे बघते आहे. खाली लिहिलेलं, ‘खातेदाराने ताबा स्वहस्ते, शांततेत दिला.’

“आत्या,” मंजुषा सासूला म्हणाली, “तुमी खांब धरलाच कशाला?”

“वाकडा लावत हुते.”

“लावू द्यायचा की वाकडा.”

“माझ्या वावरात?”

मंजुषाला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडूही. पदराने डोळे पुसत ती म्हणाली, “ज्यांच्या हातात निकाल हाय त्या मोठ्या मॅडम जागा बघायला येणार हायती. त्यांनी बी ‘सरकारचा ताबा’ असं लिवलं, तर दिवाळी झाली की मशीन येणार. सपाट करणार सगळं. शेड व्हनार म्हंत्यात.”

दिवसाउजेडी, पिकात काम पडलेलं असताना, सोजराबाई हात मांडीवर ठेवून नुसती बसून राहिली. तिला तसं बसलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या लोखंडाला थंडी वाजली.

गावातल्या लोकांनी सल्ले दिले. कुलदीपचा मित्र सनी म्हणाला, “काकी, पाटी उपटून डोंगरात टाकू. पाटीच न्हाई तर ताबा कसला?” कुलदीपलाही ते पटलं होतं. सोजराबाईने दोघांकडे असं बघितलं की ते मागे सरले. “माझ्याच वावरात मी चोरासारखं वागू? हाय तशी दिसू दे. मी खोटं काय बी केलेलं न्हाई, मग झाकू काय?” आणि मॅडम येणार त्या सकाळी तिने मला रोजच्यापेक्षा जरा जास्तच घासून पुसलं.

मॅडम आल्या, दादासाहेब आले, मागे आणखी दोघं. पण आत येतील कसे? त्यांच्या नकाशातली वाट, जिच्यावरून दादासाहेबांची जीप आली होती, ती मधल्या काळात एका कंपनीच्या नव्या भिंतीत गडप झाली होती. ते शेडांच्या बाजूने फिरले, नाल्यापाशी अडले, उलटे आले, पुन्हा फिरले. मला त्यांच्या गाडीचं छप्पर कुंपणावरून इकडून तिकडे जाताना दिसत होतं. शेवटी गाडी थांबली. दादासाहेब झाप्याशी आले. झापा आतून बांधलेला.

“मावशी,” त्यांनी हाक मारली, “ओ मावशी.”

सोजराबाई पार त्या टोकाला पाण्याच्या मोटारीपाशी होती. “कोण हाय?”

“आम्ही आहोत. सरकार.”

“हुबं ऱ्हावा. कुत्रं बांधते.”

सरकार उभं राहिलं. उन्हात, काट्यांच्या बाहेर, चांगलं ताटकळत उभं राहिलं. कुत्रं भुंकत होतं, ते सहजासहजी हाती लागेना. मॅडमनी गाडीतून उतरून हे सगळं पाहिलं. वयाने तरुण बाई, पण नजर शांत.

“दादासाहेब, जागेचा ताबा आपला आहे ना?”

“होय मॅडम. प्रत्यक्ष.”

“मग कुत्रं कुणाचं?”

कुत्रं बांधून झालं, सोजराबाईने दोरी सोडली, झापा बाजूला ओढला आणि म्हणाली, “या. वाफ्यातून नका येऊ, बांधावरून या.” सगळे बांधावरून आले. एकामागे एक, तिने दाखवलेल्या वाटेने, थेट माझ्यापाशी.

मॅडमनी मला वाचलं. मग फाइलमधला तो फोटो काढून सोजराबाईपुढे धरला. “या तुम्हीच ना?”

“व्हय. मीच हाय.”

“ताबा दिलात तुम्ही?”

“पानी दिलं. गूळ दिला. पहार दिली. खांब धरला, कारण ह्यांना धरता येत नव्हता.” बुटांमधले तिचे पाय घट्ट रोवलेले मला दिसत होते. “दारी आलेल्याला पानी दिलं म्हंजे घर दिलं असं तुमच्याकडं धरत असतील तर तसं लिवा. मी फुडच्या येळेला बी पानी दीनच.”

मॅडम दादासाहेबांकडे वळल्या. “खांब लावल्यावर काय केलंत? हद्दी फिरलात? आत गेलात?”

आता बघा, हा माणूस इथे सहज खोटं बोलू शकला असता. कागद त्याच्या बाजूने होता, फोटो त्याच्या बाजूने होता, नोकरीही त्याच बाजूला होती. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा सोजराबाईच्या बुटांकडे.

“नाही मॅडम. खांब लावला, पाणी प्यायलो, गेलो.”

“त्यानंतर?”

“एकदा आलो होतो.” ते थांबले. “कांदे न्यायला. मावशींनी पिशवी भरून दिली.”

मागच्या दोघांपैकी एकाला खोकला आला. मॅडमच्या चेहऱ्यावर काही हललं नाही, पण त्यांनी पेनचं टोपण काढलं आणि माझ्याच पाठीवर कागद टेकवून लिहायला सुरुवात केली. लिहिताना दाबाने माझा पत्रा आतल्या आत वाजत होता. लिहून झालं तसं त्यांनी ते सगळ्यांना वाचून दाखवलं. जागेवर खातेदाराचं उभं पीक. कुंपण आणि प्रवेश खातेदाराच्या हातात. प्रत्यक्ष ताबा खातेदाराचा. शासनाचा ताबा आढळून येत नाही.

माझ्या पाठीवर ही ओळ आणि माझ्या तोंडावर ती ओळ, दोन्ही एकाच वेळी. आणि मला पहिल्यांदा, दिघीच्या बहिणीसारखं, हलकं वाटलं.

सोजराबाईने ऐकलं. हात जोडले नाहीत, पाया पडली नाही. “च्या घ्या,” म्हणाली.

“नको आजी,” मॅडम म्हणाल्या, आणि जाताना त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू होतं. “तुमच्याकडचं काही घ्यायला आता मला भीती वाटते.”

पुढे हुकूम निघाला. लढाई संपली असं मी म्हणणार नाही. सरकारला जमीन हवीच असेल तर पुन्हा पहिल्यापासून यावं लागेल, विचारावं लागेल, ऐकावं लागेल. पण मशीन आलं नाही, शेड झाली नाही, आणि माझ्यावरचा मजकूर पुसून टाकावा असं त्यात लिहिलेलं होतं. मला उपटण्याबद्दल कुणी काही लिहिलं नाही. बहुधा विसरले.

पुसायला आला तो रोहिदास, परभणीकडचा, आंबेदऱ्यातच भाड्याने राहणारा पेंटर. त्याने एका बाजूने पांढरा हात फिरवत नेला. ‘शासनाच्या’ गेलं, ‘प्रत्यक्ष’ गेलं, ‘ताब्यात’ गेलं. डब्यात रंग उरला.

“आज्जी, नाव टाकू का तुमचं?” त्याने विचारलं. “निळा बी हाय माझ्यापाशी. झकास दिसंल.”

“कशाला? वावर कुणाचं हाय ते मी रोज वाचून बगू का?”

“तसं न्हाई, लोकायला कळंल.”

“लोकांचं काय अडलंय? रंग वाया नको घालवू. घरी ने, दाराला लाव.”

म्हणून आज मी कोरी आहे. सगळ्या चाकणच्या पट्ट्यात काही न सांगणारी पाटी बहुतेक मी एकटीच असेन. उद्या नवा शब्द घेऊन कुणी येईलही. तो मी अंगावर घेईन, कारण पाटीला तोंड फिरवता येत नाही. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे, शब्द तुमचे देखणे आहेत, जपून वापरा. लिहिण्याआधी कुंपणापर्यंत या, आत कोण वाकलेलं दिसतंय ते बघा, मग ब्रश बुडवा.

माझं बोलून झालं. ऊन चढलंय. सोजराबाईने सरी पुरी केली, हात धुतले आणि भाकरीचं फडकं घेऊन ती इकडेच यायला निघाली आहे. तिची बसायची जागा माझ्या सावलीत आहे, आणि बराच वेळ तिथे तुम्ही उभे आहात. जरा बाजूला व्हा.